हे कोणासाठी लिहिलंस गं?

प्रिय ताई,

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. मूळची निफाड तालुक्यातली. वडील कांदा करतात, थोडी द्राक्षबाग आहे. नुकतीच पीएच.डी. झाली. विषय होता, भाव पडलेला असतानाही छोटे शेतकरी उन्हाळ कांदा काढल्या काढल्या का विकतात. २०२४ च्या उन्हाळ्यात दोन तालुक्यांतल्या गावांमध्ये घरोघरी बसून प्रश्नावल्या भरून घेतल्या. प्रबंध इंग्रजीत आहे. कांद्यावरून दर वर्षी आंदोलनं होतात, टीव्हीवर कोणीही काहीही बोलतं. माझ्याकडे प्रत्यक्ष माहिती आहे, ती लोकांपर्यंत जावी, म्हणून मराठीत लेख लिहिला. एका दैनिकाने ‘जड आहे’ म्हणून परत केला. मग एका स्थानिक वाहिनीच्या प्रतिनिधीशी बोलले, तर मथळा आला, ‘शेतकऱ्यांची घाईच पाडते कांद्याचा भाव’. मी असं म्हटलंच नव्हतं. ज्या गावांत पाहणी केली तिथून फोन आले, लोक दुखावले होते. विभागातले एक ज्येष्ठ म्हणाले, ‘पेपरात लिहिणं संशोधकाचं काम नाही, नाव उथळ होतं.’ आणि लेख वडिलांना दाखवला तर त्यांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, ‘हे कोणासाठी लिहिलंस गं?’ मी आता गप्प बसावं का?

– एक संशोधक, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

गप्प बसू नका. तुमच्या पत्रात (त्यातला थोडाच भाग वर छापलाय) चार जणांची मतं आहेत : संपादकाचं, वाहिनीचं, ज्येष्ठांचं आणि वडिलांचं. पहिल्या तिघांकडे नंतर येऊ. वडिलांचा प्रश्न मात्र मी दोन दिवस मनात घोळवत होते, कारण तुम्हाला तो टोमणा वाटला असावा आणि मला तो तुम्हाला मिळालेला सगळ्यात चांगला अभिप्राय वाटतो. लेख वाचून त्यांनी ‘छान’ म्हणून कागद परत केला असता तर तुम्हाला काहीच कळलं नसतं. त्यांनी तुम्हाला वाचक शोधायला सांगितलं आहे.

तो वाचक तुम्हाला आधीच भेटलेला आहे. दुपारी जेवणं आटपल्यावर ज्या ओट्यांवर बसून तुम्ही प्रश्नावल्या भरल्या, तिथे तो होता. त्याने त्याची जमीन, त्याचं कर्ज, त्याची कांदा विकल्याची पट्टी तुमच्यासमोर ठेवली. तुम्हाला पाणी दिलं, चहा दिला, आणि तुम्ही गेल्यावर बायकोला म्हणाला असेल, ‘बघू, काय निघतंय त्यातून.’ मग त्याला काय कळलं? टीव्हीवरचा मथळा. म्हणजे ज्याने माहिती दिली त्याला निष्कर्ष परक्या माणसाकडून आणि उलटा करून मिळाला. फोन आले ते त्यामुळे. तुमचा अभ्यास चुकला म्हणून नाही.

म्हणून माझा सल्ला क्रमाबद्दलचा आहे. तुम्ही आधी पेपरकडे गेलात, मग वाहिनीकडे. गाव राहून गेलं. हे उलट करा. आधी त्या ओट्यांवर परत जा. प्रबंधाची जाड प्रत नेऊ नका, एक पान न्या. पंधरा-वीस माणसं देवळाच्या सभामंडपात नाहीतर पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या ओट्यावर जमवा आणि सांगा, ‘तुम्ही मला हे हे सांगितलंत, ते सगळ्यांचं एकत्र केल्यावर मला हे दिसलं. बरोबर आहे का?’ आणि मग बोलणं थांबवून ऐका. वहीत लिहून घ्या. तुमच्या लेखाची भाषा त्या वहीत असेल. बायकांना वेगळं भेटा. कांदा कधी विकायचा हे ठरताना घरात काय बोललं गेलं, मुलीच्या फीचा विषय आधी निघाला की सोसायटीचा, हे त्या सांगतील. पुरुषमाणसं चारचौघांत ते बोलणार नाहीत.

हे काही मी नवीन सांगत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. अर्भकांचे अगदी पहिल्या महिन्यातले मृत्यू त्याने ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये त्यावरचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. पण महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल जेव्हा २००१ मध्ये मराठी माणसासमोर ठेवायचा होता, तेव्हा त्याचं नाव ठेवलं ‘कोवळी पानगळ’. दोन शब्द. ‘अर्भक मृत्युदराचे न्यून-नोंदीकरण’ असं नाव ठेवलं असतं तरी आत मजकूर तोच राहिला असता, पण विधानसभेपासून चावडीपर्यंत ते कोणाच्या तोंडी बसलं नसतं. असे शब्द विद्यापीठाच्या खोलीत बसून सुचत नाहीत. मरणाऱ्या मुलांच्या आया जिथे राहतात तिथे राहून सुचतात.

आता तुमचा लेख. तुम्ही त्याची प्रत जोडलीत, बरं केलंत. त्यातलं दुसरंच वाक्य असं आहे : ‘लघु व सीमांत उत्पादकांमध्ये साठवणूक सुविधांचा अभाव आणि अल्पमुदतीच्या तरलतेची निकड यांमुळे काढणीपश्चात त्वरित विक्रीची प्रवृत्ती आढळून येते.’ हे इंग्रजी वाक्याला मराठी कपडे घातलेत. त्यात माणूस कुठेच नाही, नुसती प्रवृत्ती आहे. वडिलांनी चष्मा इथेच काढला असणार. आता हेच वाक्य त्यांच्या अंगणात उभं राहून म्हणून बघा : ‘ज्याच्याकडे कांदा साठवायला चाळ नाही आणि ज्याला मार्च-एप्रिलमध्ये रोकड लागते, तो कांदा शेतातून थेट बाजारात नेतो.’ काय कमी झालं? काहीच नाही. उलट एक गोष्ट वाढली. ‘मार्च-एप्रिल’ म्हटल्याबरोबर वाचकाला आठवतं की सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत भरायचं असतं, नाहीतर व्याजाची सवलत जाते. तुमच्या प्रबंधात हे चौथ्या प्रकरणात आहे. इथे ते दोन महिन्यांच्या नावात येऊन गेलं.

संपादकाने ‘जड’ म्हटलं ते या अर्थाने. विषय जड नव्हता. नाशिक जिल्ह्यात कांद्यावरचा लेख कोणाला जड होईल?

आकड्यांबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण इथे शिकलेली माणसं सामान्य वाचकाचा मोठा अपमान करतात, आणि तो करतोय हे त्यांना कळतही नाही. ‘लोकांना आकडे समजत नाहीत, काढून टाकते’ असं तुम्ही पत्रात लिहिलंय. मैत्रिणी, लासलगावला सकाळी लिलाव झाला की दुपारपर्यंत गावोगाव काय फिरतं? तीन आकडे. किमान, कमाल, सर्वसाधारण. तुमचे वडील ते तिन्ही वाचतात आणि कमाल भावावर कधीच विश्वास ठेवत नाहीत. तो एखाद्या ट्रॉलीला, चांगल्या निवडलेल्या मालाला मिळालेला असतो हे त्यांना ठाऊक आहे. किमान भाव गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा असेल हेही ठाऊक आहे. आपला माल या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो याचा अंदाज बांधून ते ट्रॅक्टर जोडायचा की नाही ते ठरवतात. हे संख्याशास्त्र आहे. तुम्ही वर्गात ज्याला विखुरण म्हणता ते हा माणूस रोज वापरतो आणि त्यावर पैसे लावतो.

तेव्हा आकडे काढू नका, त्याच्या मापात द्या. टक्क्यांऐवजी ‘दहातले सात’ म्हणा. टनाऐवजी क्विंटल म्हणा, हेक्टरऐवजी एकर. आणि सरासरी देताना सांभाळा. समजा दहा शेतकरी आहेत, नऊ जणांना क्विंटलला ८०० रुपये मिळाले आणि एकाला ३८००. सरासरी निघते ११००. अकराशे रुपये तर कोणालाच मिळाले नाहीत. तुम्ही लेखात ‘सरासरी ११००’ लिहिलंत की नऊ जणांना वाटणार, आपण सोडून बाकी सगळ्यांना बरा भाव मिळाला. तिथे मधल्या माणसाचा भाव सांगा. ‘दहा जणांना भावाप्रमाणे ओळीत उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्याला ८०० मिळाले.’ मध्यक हा शब्द न वापरता मध्यक सांगून झाला.

(तुमचे स्वतःचे आकडे मी इथे छापत नाही. तुमचा शोधनिबंध अजून परीक्षणात आहे असं तुम्ही लिहिलंय.)

आता त्या मथळ्याबद्दल, आणि इथे मला माझीच एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. मी कितीतरी वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर होते. एका प्राध्यापकांनी विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर लेख दिला होता. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा. त्यांनी तपासलेल्या विहिरींपैकी थोड्याच विहिरींनी ती ओलांडली होती. हे त्यांनी अगदी स्वच्छ लिहिलं होतं, पण आठव्या परिच्छेदात. पान रात्री साडेअकराला सोडायचं होतं. मी पहिले तीन परिच्छेद वाचले आणि मथळा दिला, ‘विहिरींचं पाणी विषारी’. चौथ्या दिवशी एक बाई कार्यालयात आली. पेपराची घडी पदरात बांधून आणली होती. म्हणाली, ‘आम्ही पाच दारच्या बायका आता खालच्या ओढ्याजवळच्या विहिरीवर जातो. आमची विहीर नासली का, तेवढं सांगा.’ मी प्राध्यापकांना फोन लावला. तिची विहीर चांगल्यांपैकी होती. शिवाय लेखात कुठेच नव्हतं की पाणी उकळून नायट्रेट जात नाही. ज्यांच्या विहिरी खरोखर खराब होत्या, त्या बायका सरपण जाळून पाणी उकळत बसल्या असतील. आम्ही दुरुस्ती छापली, आतल्या पानावर, चार ओळींची. पदराची ती गाठ मला अजून दिसते.

चूक माझी होती. पण त्यातून शिकायचं ते तुमच्यासाठी आहे. डेस्कवरचा माणूस रात्री पहिले तीन परिच्छेद वाचतो, आणि वाहिनीचा प्रतिनिधी पहिलं दीड मिनिट. म्हणून तुमच्या अभ्यासाची मर्यादा शेवटी टाकू नका. ती पहिल्याच परिच्छेदात निष्कर्षाला चिकटवून लिहा, म्हणजे कोणी कापायला गेलं तरी दोन्ही एकदम कापले जातील. ‘दोन तालुके, एक हंगाम’ हे शब्द निष्कर्षाच्या वाक्यातच हवेत. मथळा तुम्ही स्वतः सुचवा, दोन सुचवा. संपादक बदलेल, पण रिकाम्या जागेपेक्षा काहीतरी हाताशी असलं की त्याचाही हात तिकडेच जातो. मुलाखतीत बोलायच्या आधी एक वाक्य पाठ करा आणि प्रश्न कसाही आला तरी त्या वाक्याकडे परत या. आणि जे तुम्ही म्हणत नाही ते आपणहून सांगा : ‘शेतकरी लवकर विकतो म्हणून भाव पडतो, असं माझा अभ्यास सांगत नाही.’

हे वाक्य तुमच्या बाबतीत फारच गरजेचं आहे, कारण तुमचा हंगाम साधा नव्हता. कांद्यावर निर्यातबंदी आली डिसेंबर २०२३ मध्ये, उठली ४ मे २०२४ ला, आणि उठतानाही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतंच. ते शुल्क त्या सप्टेंबरमध्ये २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं. म्हणजे तुमच्या पाहणीतला एप्रिलमध्ये विकणारा माणूस बंदीत विकत होता आणि मेअखेर विकणारा बंदी उठल्यावर. दोघांच्या भावातला फरक थांबण्याचा होता की धोरणाचा? तुमच्या प्रबंधात यावर दोन पानं आहेत, लेखात एक शब्द नाही. मला वाटतं, दुखावलेल्या गावकऱ्यांना नेमकं हेच म्हणायचं होतं. ‘आमची घाई दिसली, बंदी नाही दिसली?’ हा मुद्दा वरच्या तिसऱ्या वाक्यात आणा, तुमचा लेख आपोआप खरा वाटायला लागेल.

वाहिनीला आता काय करायचं? संपादकाच्या नावाने अर्ध्या पानाचं पत्र लिहा. बातमी कोणत्या दिवशी लागली, मथळा काय होता, तुम्ही काय म्हणाला होतात, एवढंच. रागावून लिहू नका, दुरुस्ती मागा. मिळेलच असं नाही. पण ते पत्र गावात दाखवायला तुमच्या हातात राहील, आणि मला त्याचीच किंमत जास्त वाटते.

तुमच्या ज्येष्ठांबद्दल फार लिहीत नाही. त्यांना मान द्या आणि बाळशास्त्री जांभेकरांची आठवण करून द्या. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात शिलालेख आणि ताम्रपटांवर निबंध लिहिणारा हा एल्फिन्स्टनचा प्राध्यापक १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढतो, १८४० मध्ये शास्त्रीय विषय मराठीत समजावून सांगायला ‘दिग्दर्शन’ काढतो. दोन्ही हात एकाच माणसाचे. आणि तुमच्याच नाशिकमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये झालेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? जयंत नारळीकर. विश्वाच्या उत्पत्तीवर संशोधन करणारा माणूस आयुष्यभर मराठीत लिहीत राहिला. त्यांचं नाव उथळ झालं नाही.

ज्येष्ठांच्या बोलण्यात एक काळजी मात्र खरी असू शकते, ती परवानगीची. मार्गदर्शकांना आणि सहलेखकांना लेख आधी दाखवा. शोधनिबंध परीक्षणात आहे तोवर त्या नियतकालिकाचे नियम वाचा. काहींना आधीची प्रसिद्धी चालत नाही, अशा वेळी स्वीकृतीचं पत्र येईपर्यंत थांबणं शहाणपणाचं. तक्ते आणि आकृत्या छापून आल्यावर बहुधा प्रकाशकाच्या होतात, पण तुम्हाला जे सापडलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. प्रकल्पाला कोणी पैसे दिले असतील तर तेही लेखात एका ओळीत लिहा.

आणि नावं. प्रबंधात तुम्ही ‘प्रतिसादक क्र. १७’ लिहिलंत, विद्यापीठाला तेवढं पुरतं. पण लेखात ‘दीड एकरवाली, नवरा गेलेली, मुलगा नाशिकला कंपनीत असलेली एक बाई’ असं लिहिलंत की गावात सगळ्यांना ती कोण ते कळतं, आणि तिने सावकाराकडून काय घेतलंय तेही. नाव नसलं तरी ओळख उघडी पडते. तपशील बदलू नका, कमी करा. आणि शक्य असेल तर तिला जाऊन वाचून दाखवा, विचारा.

तुम्ही असंही म्हणता की प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर गेलाच आहे, कोणालाही वाचता येतो. खरं आहे. २००९ च्या नियमांपासून विद्यापीठांना प्रबंध असे खुले करावे लागतात, ते फार चांगलं झालं. जानेवारी २०२५ पासून ‘एक देश एक सदस्यता’ योजनेत सरकारी विद्यापीठांना, महाविद्यालयांना जवळपास १३ हजार नियतकालिकं वाचता येऊ लागली, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये त्याला मंजूर झाले. तेही चांगलं. पण ही सोय मुख्यतः आतल्या माणसांच्या कामाची आहे, आणि बहुतेक इंग्रजीत आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात रांगेत ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाच्या करातूनही हा पैसा गेला, आणि त्याच्या हातात त्यातलं एकही पान पडत नाही. ते पान तुम्ही लिहू शकता. जिल्ह्यात तुमच्याइतकी माहिती असलेली आणि त्याच्या भाषेत घरी बोलणारी किती माणसं असतील?

वेळ सांभाळा. कांद्यावरचा लेख वाचला जातो तो दोन वेळा, चाळी भरताना आणि भाव कोसळतात किंवा चढतात तेव्हा. दुसरी वेळ सांगून येत नाही आणि संपादकाला उद्या सकाळपर्यंत मजकूर हवा असतो. म्हणून ७०० शब्दांचा एक लेख तयार करून ठेवा, त्या दिवशी वरचा परिच्छेद बदलायचा आणि पाठवायचा. तसंच सहा मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. शेतात हात मातीत असतात, वाचण्यापेक्षा ऐकणं सोपं जातं. पुढे कधीतरी मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेतही तुम्ही बोलाल, मला खात्री आहे, पण ती घाई आत्ता नको.

गावात तुम्हाला एक प्रश्न नक्की येईल : ‘मग आम्ही काय करायचं?’ त्याची भीती तुमच्या पत्रात जाणवली. त्याचं पूर्ण उत्तर तुमच्या अभ्यासात नाही, आणि तसं सांगायला लाजू नका. ‘थांबा, भाव वाढेल’ असं तर चुकूनही म्हणू नका. कांदा चाळीत घटतो, सडतो, त्याला कोंब येतात, आणि भाव वाढला नाही तर तोटा त्याचा होतो, तुमचा नाही. जे सापडलं ते एका परिच्छेदात लिहा आणि त्यावरून तुम्हाला जे वाटतं ते दुसऱ्या परिच्छेदात, ‘हे माझं मत आहे’ असं म्हणून. कर्जफेडीची तारीख आणि काढणीचा हंगाम एकमेकांवर आदळतात हे तुम्हाला सापडलं आहे. ती तारीख सरकावी असं तुम्हाला वाटत असेल तर ते मत आहे. ते ठामपणे मांडा, फक्त दोन्हींची सरमिसळ करू नका. बाकी गावातली माणसं स्वतः बोलतील. त्यांनी जे सुचवलं ते त्यांचं म्हणून लेखात घाला.

या रविवारी घरी जा. लेख टाईप करू नका, नवीन कागदावर हाताने लिहा, पहिली दहा वाक्यं. संध्याकाळी वडील निवांत असतील तेव्हा त्यांना वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. ज्या वाक्यावर ते ‘म्हंजी?’ म्हणतील त्याखाली रेघ मारा. ज्या वाक्यावर ते स्वतःचं काहीतरी सांगायला लागतील तिथे पेन्सिल खाली ठेवा आणि त्यांना बोलू द्या. मग तो रेघा मारलेला कागद मला पाठवा, मी तो नीट वाचून उत्तर देईन.

तुमची,
ताई